रुमालाखालची खोली

भाऊसाहेब मोबाइलवर बोली लावत, आणि बोली लावून झाली की खिशातला रुमाल काढून मोबाइलवर पसरत. साधा सुती रुमाल, निळ्या काठाचा. त्याचे चारी कोपरे नीट ओढून घेत, जसे काही खाली पेढे आहेत आणि माश्या बसतील. मग खुर्ची मागं सारून उठत आणि म्हणत, "चला सर, चहा घिऊ. बोली लावली की नजर काढून घ्यायची."

नवख्या माणसाला यातलं काही उमजत नसे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "का हो भाऊसाहेब, मोबाइलला थंडी वाजते का?" आम्ही सगळे खो खो हसलो. भाऊसाहेब हसले नाहीत. "भाव पिकायलाय साहेब," ते म्हणाले. "झाकल्याबिगर पिकत न्हाय."

आता हे आठवतं तेव्हा मला हसू येत नाही. पण तेव्हा आलं होतं, तेही सांगितलं पाहिजे.

आमच्याकडं शाळेच्या क्लार्कला भाऊसाहेब म्हणतात. खरं नाव मस्टरवर असतं आणि तिथंच राहतं, म्हणून मीही ते सांगत नाही. शाळा नळदुर्गची. मी तिथं भूगोल शिकवतो. म्हणजे ज्या पोरांनी समुद्र पाहिला नाही त्यांना भरती-ओहोटी शिकवतो, फळ्यावर लाटा काढून. भाऊसाहेबांचं टेबल स्टाफरूमच्या दारातच होतं, त्यामुळं आमचा दिवस त्यांच्या रुमालाच्या साक्षीनंच जाई.

हा रुमाल आला कुठून? तर बैलबाजारातून. भाऊसाहेबांचे वडील हेडी होते, म्हणजे जनावरांच्या बाजारातले दलाल. अणदूर, सास्तूर, पार तिकडं कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत बाजार करायचे. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा एका रुमालाखाली हात घालत आणि बोटं धरून भाव ठरवत. बाजूला उभ्या असलेल्या दहा जणांना कळायचं नाही की आत काय चाललंय. पटलं नाही की घेणारा हात काढून घेई, धोतर झटकून उठे आणि चालू लागे. चार पावलं गेला की मागनं हाक यायची, "ओ पाव्हणं, या की हिकडं! बसा तर खरं!"

"हाक येतीच," भाऊसाहेब सांगत. "न येऊन जाती कुठं? बाजाराचा धर्म हाय त्यो. उठून चालाय लागल्याबिगर खरा भाव निघत न्हाय."

वडिलांचं एक वाक्य त्यांच्या तोंडात कायम असे. "पहिला भाव तोंडाचा, दुसरा पोटाचा, तिसरा खरा." मी एकदा विचारलं, मग पहिला भाव कुणीच देत नाही का? त्यावर ते म्हणाले, "देतंय की. ऐन पेरणीत ज्याचा बैल बसला, त्यो देतंय. त्याला घासाघीस करायला येळ नसतंय आन् उसनं हसू बी नसतंय. आमचा बा म्हणायचा, पहिला भाव दिला की वळखावं, माणूस मोडलंय."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

तर हा हेड्याचा मुलगा क्लार्क झाला, बैलबाजार आटत गेले, आणि त्याच्या हाती मोबाइल आला. त्या मोबाइलवर हॉटेलच्या खोल्यांसाठी बोली लावायचं एक ॲप होतं. शहर सांगायचं, भाग सांगायचा, हॉटेल किती तारांकित हवं ते सांगायचं आणि आपला भाव टाकायचा. एखाद्या हॉटेलाला तो परवडला की पैसे कापले जात आणि मग कळे, हॉटेल कुठलं ते. आधी नाही. एकदा घेतली की परत नाही. आम्हाला हे ऐकूनच घाम फुटला. भाऊसाहेबांचे डोळे मात्र चमकले. "ह्यो तर रुमालच की हो सर!"

मग काय विचारता. गडी त्यात बुडालाच. रविवारी संध्याकाळी धंद्याची माणसं घरी जातात, तेव्हा मोठ्या शहरातली मोठी हॉटेलं ओस पडतात, तेव्हा बोली लावायची. लग्नसराईत लावायची नाही. पहिली बोली इतकी खाली लावायची की नाकारलीच जावी; त्यातून समोरच्याचा अंदाज येतो. एकदा नाकारली की त्याच भागात त्या दिवशी दुसरी बोली घेत नसत, पण भाग वाढवला तर घेत. म्हणून भाऊसाहेब असा एखादा भाग जोडायचे जिथं तसलं मोठं हॉटेल मुळातच नाही. बोली नवी, हॉटेलं तीच. हे सांगताना ते टेबलावर अशी थाप मारत की शाईची बाटली हले.

आमचे मुख्याध्यापक पुतण्याच्या लग्नाला हैदराबादला निघाले, तर भाऊसाहेबांनी त्यांना लॉजच्या पैशात असलं हॉटेल मिळवून दिलं की दारात सलाम ठोकणारा माणूस उभा. न्हाणीघरात पांढराशुभ्र टब. मुख्याध्यापकांनी त्यात घरादाराचे कपडे धुतले. परत येऊन म्हणाले, "हौद ल्हान हाय, पण पाणी गरम हाय." त्यानंतर गावात भाऊसाहेबांचं नाव झालं. हायवेवरचा ढाबेवाला तिरुपतीला निघाला की आधी शाळेत येई. डॉक्टर, वकील, कुणाची पोरगी परीक्षेला पुण्याला निघालेली, सगळे येत. भाऊसाहेब कुणाकडून चहासुद्धा घेत नसत. "बानं जन्मभर दलाली खाल्ली, बास झालं."

सगळ्या गावाला खोल्या मिळाल्या. एका माणसाला नाही. ती म्हणजे वहिनी, भाऊसाहेबांची बायको.

वहिनी ठसक्याच्या. शाळेमागच्या गल्लीतच घर, त्यामुळं दुपारी डबा घेऊन त्या स्वतः येत आणि दारातून आधी टेबलावर नजर टाकत. रुमाल पसरलेला दिसला की म्हणत, "झाकलंय व्हय कुणाचं तरी नशीब?" मग आमच्याकडं वळून, "आमच्या घरचा हेडी जगाला पलंग देतंय सर, आन् बायकोला सतरंजी."

त्यांना एकच गोष्ट हवी होती. समुद्राकडं खिडकी असलेली खोली. मी म्हटलं, "वहिनी, समुद्र बघायला खोली कशाला? एसटीनं जा, किनाऱ्यावर उभ्या राहा, बघा." तर म्हणाल्या, "उभं ऱ्हाऊन न्हाय बघायचं. सगळं आयुष्य उभ्यानंच बघितलं की हो. तुळजापूरला आई बघितली ती रांगेत उभं ऱ्हाऊन. जत्रा बघितली ती टाचा वर करून. लेकीचं लग्न बघितलं ते वाढपात. एक तरी गोष्ट लोळून बघायचीय मला. पलंगावर लोळायचं आन् समोर समुद्र."

भाऊसाहेब म्हणायचे, "बघू की. भाव पडू दे." शाळेला सुट्टी तेव्हाच, म्हणून दिवाळीत लावायचे, नाकारली जायची. उन्हाळ्यात लावायचे, थोडक्यात हुकायची. पैसा नव्हता असं नाही. दोघांचा खर्च तो किती, आणि लेक आपल्या घरी सुखात. पण समुद्राकडची खोली हा त्यांच्या लेखी एक मोठा सौदा होता आणि तो त्यांना पडत्या भावात जिंकायचा होता, वहिनींसमोर. "समुद्र कुटं पळून चाललाय का?" ते म्हणत.

समुद्र कुठं पळाला नाही. वहिनी आजारी पडल्या.

सोलापूरच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. पोटातलं होतं आणि पसरलं होतं. मग त्यांच्या खेपा सुरू झाल्या. रात्रीच्या गाडीनं जायचं, औषध चढवायचं, एक मुक्काम, परत. इस्पितळाबाहेर फुटपाथवर झोपणारी माणसं बघून भाऊसाहेबांनी ठरवलं, हिला फुटपाथ दाखवायचा नाही. दर खेपेला बोली लावत आणि दर खेपेला चांगली खोली मिळवत. पण बोलीच्या खोलीची एक गोम असते, ती त्यांना तेव्हा कळली. बोलीवाल्या गिऱ्हाइकाला हॉटेल जी खोली देतं ती मागच्या बाजूची असते. जी कुणी घेत नाही ती. दर खेपेला खिडकी उघडली की समोर भिंत. पाण्याचे पाइप, कबुतरं.

वहिनी परत आल्या की मला सांगत, "ह्या खेपेला कबुतरीचं बाळंतपण बघितलं सर. लोळून." आणि हसत. हसताना त्यांच्या गालाची हाडं दिसू लागली होती.

शेवटच्या खेपेला मी बरोबर होतो. लेकीचं बाळ तान्हं, तिला निघता येईना, आणि वहिनींना आता दोघांनी धरल्याशिवाय चालवत नव्हतं. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी भाऊसाहेबांना बाजूला घेतलं. मी होतोच. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "आता परत आणू नका. घरी न्या. जे आवडेल ते द्या."

भाऊसाहेब नुसती मान हलवत राहिले. मग म्हणाले, "सर, आज समुद्र."

वहिनी बाहेर बाकावर टेकून बसल्या होत्या. "काय म्हणलं डाक्टर?" त्यांनी विचारलं. "गुण यायलाय म्हणलं," भाऊसाहेब म्हणाले आणि शेजारी बसून मोबाइल काढला. त्या ॲपात एक नवी सोय आली होती. आता नेमकी खोली निवडून बोली लावता यायची आणि हॉटेलही उलट भाव सांगायचं. किनाऱ्यावरचं एक हॉटेल, समुद्राकडची खोली. भाऊसाहेबांनी ती वहिनींना फोटोत दाखवली. पलंग, पांढरी चादर, आणि चादरीच्या पलीकडं निळं पाणी. वहिनींनी बोटानं फोटो मोठा केला. "खरंच एवढं जवळ असतंय?"

भाऊसाहेबांनी बोली लावली. थोड्या वेळात हॉटेलचं उत्तर आलं: अजून चारशे रुपये द्या, खोली तुमची. मी वाचलं. माझा जीव भांड्यात पडला. आणि या माणसानं काय करावं? खिशातून रुमाल काढला, मोबाइलवर पसरला, कोपरे ओढले आणि उठला. "चला सर, चहा घिऊ."

मी त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर नेलं. "अहो, चारशे रुपयांसाठी काय करायलाव? घेऊन टाका! आज तरी!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माणसाच्या तोंडावर इतकी हार मी कधी पाहिली नव्हती. "चारशेचं काय घिऊन बसलाव सर. चार हजार दिलं असतं. पण हेड्याच्या घरात नांदलीय ती. मागितला तो भाव मुकाट दिला तर तिला कळंल. लगीच कळंल." त्यांनी मागं दाराकडं पाहिलं. "नेहमीगत उठून आलो तर वाटंल, नेहमीचीच खेप हाय. हाक येतीच की. येऊ द्या हाक."

आम्ही चहा घेतला. त्या चहाची चव अजून माझ्या जिभेवर आहे. कडू जहर.

परत आलो. वहिनी रुमालाकडं बघत बसल्या होत्या, राखण केल्यासारख्या. भाऊसाहेबांनी ऐटीत रुमाल उचलला. पडद्यावर एक ओळ होती: ही खोली आता उपलब्ध नाही.

दुसऱ्या दिवसापासून लागून सुट्ट्या होत्या. कुणीतरी कुठंतरी बसून मागितला तो भाव देऊन ती खोली घेतली होती. बैलाचा मालक हाक मारतो, कारण त्यानं तुमच्या पाठीकडं बघितलेलं असतं. इथं पाठ बघणारं कोण होतं?

भाऊसाहेब दुसरी हॉटेलं बघू लागले. एकही समुद्राकडची मिळेना. मग त्यांनी टॅक्सी केली, वहिनींना मागच्या सीटवर मांडीवर डोकं घेऊन झोपवलं आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं त्याच हॉटेलवर गाडी नेली. वाटेत ड्रायव्हरला म्हणाले, "भैया, जरा हळू." समुद्र डाव्या हाताला होता, एवढा मोठा, आणि वहिनी लोळलेल्याच होत्या. पण टॅक्सीत लोळणाऱ्याला खिडकीतून फक्त आभाळ दिसतं. त्यांना उठवून बसवायला गेलो तर कळ आली. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "वारा लागला बघा."

वहिनी टॅक्सीतच थांबल्या, आम्ही आत गेलो. काउंटरवर एक टाय घातलेला तरुण होता. भाऊसाहेबांच्या हातात तो रुमाल तसाच होता, चुरगळलेला. ते त्याला म्हणाले, "साहेब, समुद्राकडची खोली. तुमचा पहिला भाव सांगा. म्या देतो."

जन्मात पहिल्यांदा ते हे वाक्य बोलले असतील.

"सर, फुल आहे."

"न्हाय, तुमी भाव तर सांगा."

"सर, भावाचा प्रश्न नाही. खोलीच नाही."

भाऊसाहेब तिथंच उभे राहिले. मी दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं. मग आम्ही नेहमीच्याच भागात गेलो आणि जी मिळाली ती खोली घेतली. मागच्या बाजूची.

वहिनींना पलंगावर निजवलं. भाऊसाहेब गोळ्या आणायला खाली गेले. वहिनी भिंतीकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "आज हेडी हरलं." मी हसायचा प्रयत्न केला. "सर, आत काउंटरवर काय म्हणलं हे?"

"भाव विचारला."

"कोणता? पहिला?"

मी पाण्याचा तांब्या उचलला. खोटं बोलायला हवं होतं की नको, अजून मला कळत नाही. वहिनींनी मान हलवली, अगदी हळू, जसं एखादा हिशेब जुळल्यावर हलवावी. मग त्यांनी कूस बदलली.

भाऊसाहेब गोळ्या घेऊन आले तेव्हा त्या अगदी ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "चुकलं तर चुकलं. पुढच्या खेपेला घिऊ समुद्र. भाव बी पडंल तवर."

"व्हय," भाऊसाहेब म्हणाले. "पडंल की."

दोघंही एकमेकांशी खोटं बोलत होते आणि मी मधे पाण्याचा तांब्या धरून उभा होतो. देवानं मला तिथं कशाला आणलं होतं, कुणास ठाऊक.

पुढची खेप झाली नाही. वहिनी नळदुर्गातच गेल्या, आपल्या घरात.

त्यानंतर भाऊसाहेब शाळेत येत राहिले. काम बिनचूक करत. पण टेबलावर रुमाल दिसला नाही. ढाबेवाला एकदा आला, "भाऊसाहेब, तिरुपतीला निघालोय." ते मान वर न करता म्हणाले, "मागतील त्यो भाव द्या आन् झोपा." ढाबेवाला माझ्याकडं बघत राहिला. मी त्याला खुणेनं जा म्हटलं. भाजीवालीनं सांगितलेले पैसे ते मुकाट देऊ लागले. गावातल्या लोकांना वाटलं, म्हातारा सुधारला. मला वडिलांचं वाक्य माहीत होतं. मला बघवत नसे.

वर्षश्राद्ध झालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात भाऊसाहेबांनी रजा टाकली. कुठं जातोय ते सांगितलं नाही. परत आले ते थेट शाळेत, पिशवी खांद्यालाच. मधली सुट्टी होती. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"मुंबईला गेल्तो," ते म्हणाले. "तीच खोली घेतली."

"बोली लावून?"

"न्हाय. दोन माणसांची घेतली. मागितला त्यो भाव."

बाहेर पोरांचा दंगा चालला होता. ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते.

"दिसला का समुद्र?" मी विचारलं.

"दिसला की. पलंगाच्या पुढंच. फोटोत हाय तसाच." मग म्हणाले, "पलंगावर टेकलो न्हाय सर. टेकवंना. चादर बी मोडली न्हाय."

"मग?"

"मग काय. सकाळपर्यंत उभ्यानं बघितला."

घंटा झाली. ते उठून आपल्या टेबलाकडं गेले. पुढं ते निवृत्त झाले आणि लेकीकडं निघून गेले, फोनही उचलत नाहीत. त्या टेबलावर आता दुसरे भाऊसाहेब बसतात. मी अजून भूगोल शिकवतो, पण भरती-ओहोटीचा धडा आला की पोरांना म्हणतो, तुम्हीच वाचा. आणि खिडकीकडं तोंड करून उभा राहतो.